मंदीचा काळ आणि पुण्याचे महिला विद्यापीठ

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले आणि सारा जन्म प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे घालविलेले. इतिहास-संशोधक म्हणवून घेण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु गेल्या वर्षीच्या सभेत विद्यार्थी-साहाय्य निधीचा विषय निघाला असता एका वडीलधाऱ्या बंधूंनी उद्गार काढले की, "दिवस वाईट आले म्हणजे मुलाचे शिक्षण ओढून न्यावे, मुलीचे वर्ष-दोन वर्षे थांबले तरी चालते." सभेत कोणी हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. ते गप्प बसणे मनाला लागून राहिले, आणि त्यावेळी जे बोलावयास हवे होते ते आता लिहीत आहोत. बोलण्यापेक्षा लिहिणे आम्हांस नेहमीच सोपे गेले आहे.

आपल्या समाजाचा आणि मंडईचा संबंध काय, हे वाचकांस सांगावयास नको. आपल्यापैकी निम्म्या घरांची पोटे मंडईवर, तुळशीबागेवर आणि त्या आसपासच्या बोळांवर भरली. मंडईची दगडी इमारत १८८६ साली उघडली. तत्पूर्वी भाजीचा बाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात, उघड्यावर भरे. गव्हर्नरांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. त्यापूर्वी नगरपालिकेत या इमारतीचा विचार चालला असता, एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका जोतीराव फुले यांनी घेतली होती. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई असे नाव मिळाले. ज्या वास्तूस ज्यांनी हरकत घेतली तिलाच त्यांचे नाव, आणि तिच्या अंगणात पुतळा लोकमान्य टिळकांचा! पुण्यास असे योग पुष्कळ जुळतात. आता तर तिच्या पोटाखालून भुयारी रेल्वे धावते. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८४८ साली मुलींची शाळा घातली तो भिडे यांचा वाडा मंडईपासून हाकेच्या अंतरावर होता. तरीही त्या शाळेनंतर ऐंशी वर्षांनी मंडईतील किती घरांतून मुलगी चौथीच्या पुढे गेली होती, याचा हिशेब मांडावयास बसलो तर हाताची बोटे उरतील.

आमच्या घरचेच सांगतो. आमच्या आजोबांचा मंडईत बटाटा-कांद्याचा गाळा होता. खेड-मंचरकडून माल येई. आमच्या थोरल्या आत्या त्या वेळी दहा-अकरा वर्षांच्या असतील. मराठी चौथी पास झालेल्या, हिशेबात इतक्या चलाख की आजोबा कीर्द लिहिताना त्यांना जवळ बसवून घेत. त्यांना पुढे शिकवावयाचे असे आजोबांच्या मनात होते म्हणतात. ते साल १९३१. त्याच साली त्यांची शाळा सुटली, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांचे लग्न झाले. आत्यांनी याबद्दल कधी तक्रार केलेली आम्ही ऐकली नाही. फक्त म्हातारपणी, कोणी मुलीच्या निकालाचे पेढे आणून दिले म्हणजे त्या विचारीत, "कितवी झाली?" आणि उत्तर ऐकून बोटांवर काही तरी मोजीत.

१९३१ हे साल काय होते, हे आजच्या तरुणांस समजावून सांगणे जरूर आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात धडाक्याने भाव कोसळले आणि पाहता पाहता जगाच्या व्यापारास लकवा झाला. हिंदुस्थानात कारखाने थोडे. म्हणून आपल्याकडे मंदी आली ती शेतमालाच्या भावातून. कापूस, गहू, भुईमूग, गूळ, कोणताही जिन्नस घ्या, दोन-तीन वर्षांत त्याचा भाव सुमारे निम्म्यावर आला. त्यात सरकारने रुपयाचा दर १९२७ साली कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सांवर बांधून ठेवलेला. हा दर फार चढा आहे अशी व्यापाऱ्यांची ओरड होती, पण ती ऐकली गेली नाही.

भाव पडणे म्हणजे स्वस्ताई, आणि स्वस्ताई झाली तर वाईट काय, असे पुष्कळांस वाटते. येथे थोडे गणित करावे लागेल. शिक्षकाची सवय, वाचकांनी क्षमा करावी. समजा, एका शेतकऱ्याच्या शंभर रुपयांच्या मालाचे पन्नास येऊ लागले. त्याचा सारा तेवढाच राहिला, सावकाराचे व्याज तेवढेच राहिले, गाळ्याचे भाडे तेवढेच राहिले आणि मुलीच्या शाळेची फीही तेवढीच राहिली. म्हणजे पूर्वी दोन पोती बटाटा विकून जी फी भरता येई तिच्यासाठी आता चार पोती विकावी लागणार. माल घेणाऱ्याजवळही पैसा नाही, म्हणून चार पोती विकलीही जात नाहीत. अडत्या उधारी वाढवितो, मग तोही हात आखडतो. मंडईत माल पडून सडे आणि घरी मीठमिरचीस पैसा नसे, असे आजोबा सांगत.

उलट ज्याचा पगार ठरलेला, त्याची गोष्ट निराळी. सरकारी नोकरांच्या पगारात १९३१ च्या अखेरीपासून शेकडा १० पर्यंत कपात झाली हे खरे. पण बाजारात जिन्नस त्याहून कितीतरी अधिक उतरले होते. ज्या कारकुनाची किंवा मास्तराची नोकरी टिकली, त्याचे घर त्या वर्षांत पूर्वीपेक्षा बरे चालले असेल. ज्याची गेली, तो मात्र बुडाला. सदाशिव-नारायण पेठेतील पगारदार आणि मंडईतील गाळेवाला यांच्या दैवात त्या चार-पाच वर्षांत जो फरक पडला, त्याचा परिणाम पुढे दोन पिढ्या दिसत राहिला असे आम्हांस वाटते. त्यांच्या मुली शाळेत राहिल्या आणि आपल्या मुली घरी आल्या, याचे कारण केवळ त्यांची सुधारणा व आपले मागासलेपण हे नव्हते. रुपयाची किंमत हेही होते.

आणखी एक गोष्ट. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले आणि सोन्याचा भाव चढू लागला. तोळ्यास सुमारे २१ रुपये होता तो काही वर्षांत ३० च्या पलीकडे गेला. मग खेड्यापाड्यांतून दागिने बाहेर पडू लागले. सराफांच्या पेढीवर पाटल्या, पुतळ्या, वज्रटीक वितळून त्यांच्या लगडी होत आणि जहाजांतून विलायतेस जात. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला संकटकाळचे सोने म्हणतात. सरकार म्हणे, लोक नफा घेत आहेत. आमच्या आजीच्या पाटल्या त्याच लाटेत गेल्या, आणि आत्यांच्या लग्नात तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. मंदीचा पहिला भार घरच्या स्त्रियांच्या अंगावर पडला, हे अक्षरशः असे खरे आहे.

अशा काळात, याच पुण्यात, एरंडवण्याच्या माळावर मुलींचे एक कॉलेज आणि त्याच्या डोक्यावर एक संबंध विद्यापीठ उभे होते. ते कसे टिकले, हा आमच्या लेखाचा खरा विषय. विद्यापीठाचे संस्थापक धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र सर्वश्रुत आहे. त्याची उजळणी येथे करीत नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्यास नेला, १९०७ साली महिला विद्यालय काढले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारे एक पुस्तक त्यांच्या हाती आले आणि १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना त्यांनी तसेच विद्यापीठ आपल्याकडे काढण्याची कल्पना मांडली. १९१६ च्या जूनमध्ये विद्यापीठ स्थापन झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि रँग्लर परांजपे कुलगुरू. जुलैत कॉलेज सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या ५. सनद नाही, सरकारी मान्यता नाही, इमारत नाही, मागे संस्थानिक नाही. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय. पदवीस नाव दिले 'गृहीतागमा'. पुण्यातील थट्टेखोरांना या नावाने बरेच दिवस विषय पुरविला असणार.

वाचकांनी मान्यतेचा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली तर सरकारी नोकरीचे दार उघडे. येथील पदवी घेतली तर ते उघडेलच असा भरवसा नाही. बरे दिवस असतात तेव्हा असल्या पदवीची हौस परवडते. मंदीत बाप विचारतो, या फीचे पुढे होणार काय? म्हणजे या संस्थेच्या वाटेत इतर कॉलेजांपुढे नसलेली एक धोंड होती.

पैशाची मोठी सोय झाली १९२० साली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी हे आदल्या वर्षी जपानात जाऊन तेथील स्त्रियांचे विद्यापीठ पाहून आले होते. त्यांनी आपल्या मातुःश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली, आणि विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. मुद्दल विद्यापीठाच्या हाती द्यावयाचे नसून साडेतीन टक्क्यांप्रमाणे वर्षाचे व्याज ५२,५०० रुपये द्यावयाचे होते. देणगीस काही अटी होत्या, आणि विद्यापीठाचे मुख्य ठाणे कालांतराने मुंबईस न्यावे ही त्यांपैकी एक होती. पै-पैची वर्गणी गोळा करणाऱ्या संस्थेस एकाच दात्याकडून दरसाल अर्ध्या लाखावर रुपये! त्या काळचा अर्धा लाख, हे लक्षात घ्यावे.

सर विठ्ठलदास १९२५ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. हयात दाता आणि दात्याचे विश्वस्त यांत किती अंतर असते, हे ज्यांनी कोणतीही संस्था चालविली आहे त्यांस सांगावयास नको. दात्यास संस्थेचा चेहरा ठाऊक असतो. विश्वस्तांपुढे कागद असतो. आम्ही त्यांस दोष देत नाही, कागदाप्रमाणे वागणे हेच विश्वस्तांचे कर्तव्य आहे. पण देणगीच्या अटींवरून विद्यापीठाचे चालक आणि विश्वस्त यांत मतभेद झाले, ते वाढले, आणि १९३० नंतरच्या त्याच ओढग्रस्तीच्या वर्षांत व्याजाची रक्कम येणे थांबले.

येथे मघाचे गणित पुन्हा आठवावे. ठरलेल्या व्याजावर जगणाऱ्यास मंदी ही वास्तविक पर्वणी असते. भाव निम्मे झाले असता ५२,५०० रुपयांत पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट जिन्नस आला असता. म्हणजे सारा मुलूख होरपळत असताना हे एक कॉलेज सुखात असावयास हवे होते. नेमक्या त्याच वेळी तो झरा आटला. दैवाची ही थट्टा आम्हांस प्रथम समजली तेव्हा आम्ही वही मिटून बराच वेळ नुसते बसून राहिलो. मोठ्या एका हाताने उचललेली संस्था तो हात आखडला की खाली येते, ही गोष्ट आपल्या समाजाच्या निधीच्या बाबतीतही विचार करण्यासारखी आहे. ते सभेत बोलू.

मग ते दिवस निघाले कसे? एक बाजू प्रवासाची. या संकटाची छाया पडण्यापूर्वीच, १९२९ च्या मार्चमध्ये, वयाची ७१ वर्षे पूर्ण होत असताना, कर्वे विलायतेस निघाले. इंग्लंडात मॅल्व्हर्न येथे प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेस हजर राहिले, लंडनमध्ये हिंदी स्त्रियांच्या शिक्षणावर बोलले, जिनिव्हाच्या आणि डेन्मार्कमधील एल्सिनोरच्या शिक्षण-परिषदांना गेले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले. तेथून अमेरिका, आणि शेवटी ज्याच्या नुसत्या वर्णनावरून ही सारी उठाठेव सुरू झाली ते तोकियोचे स्त्रियांचे विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९३० च्या एप्रिलमध्ये ते परत आले. वाचकांनी तारखा जुळवून पाहाव्या: न्यूयॉर्कचा बाजार कोसळला तो याच प्रवासाच्या काळात. ज्या देशांत मदत मागावयास जावे तेथेच पेढ्या बुडत होत्या.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. कर्वे आठ महिने बसले, आणि १९३० च्या डिसेंबरात आफ्रिकेस निघाले. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा १५ महिन्यांचा हा फेरा. तेथे आपले हिंदी लोक, त्यांत गुजराती दुकानदार पुष्कळ. कापसाचे, लवंगेचे भाव तेथेही खाली आले होते. तरीही त्या दुकानांतून या ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याने पुण्यातील मुलींच्या कॉलेजासाठी शिलिंगे जमविली. त्यांना वक्तृत्व नव्हते. आवाज बारीक, अंगकाठी किरकोळ. सभा जिंकावी असे त्यांच्यात काही नव्हते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकविताना जसा एक-एक पायरीने सिद्धांत मांडावा तसे ते आपले काम मांडीत, आणि मग वही पुढे करीत. आम्ही शाळेसाठी वर्गणी मागण्यास चार-दोन वेळा गेलो आहोत. तिसऱ्या दुकानात नकार मिळाला की पाय जड होतात; म्हणून हे १५ महिने आम्हांस त्यांच्या सर्व पदव्यांपेक्षा मोठे वाटतात.

दुसरी बाजू आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याविषयी कमी लिहिले जाते. विद्यापीठ आणि हिंगण्याची संस्था या दोन निराळ्या संस्था. परंतु मूळ एकच, आणि एकीच्या अडचणीच्या काळात दुसरीचा कित्ता समोर होता. हिंगण्यास मोठा दाता कधीच नव्हता. जमीन गोखल्यांनी दिली, पहिली झोपडी पाचशे रुपयांत उभी राहिली, आणि कर्वे कित्येक वर्षे फर्ग्युसनमधील शिकवणे आटोपून चिखल तुडवीत रोज तेथे पायी जात. पार्वतीबाई आठवले, ज्या स्वतः तरुणपणी विधवा होऊन आश्रमात आल्या, त्या गावोगाव वर्गणीसाठी हिंडल्या आणि पुढे इंग्रजीचे जुजबी ज्ञान घेऊन अमेरिकेपर्यंत गेल्या. १९२० च्या सुमारास हिंगण्याने भाऊबीज निधी सुरू केला. दिवाळीत कार्यकर्ते घरोघर जात आणि आश्रमातील बहिणींसाठी भावाची ओवाळणी मागत. चार आणे, आठ आणे, रुपया. मंडईच्या गाळ्यांवरही ही पावतीपुस्तके फिरली असली पाहिजेत. आमच्या आजोबांच्या जुन्या चोपडीत दिवाळीच्या पानावर 'हिंगणे भाऊबीज' अशी नोंद आम्ही स्वतः पाहिली आहे. रक्कम चार आणे. साल १९३२.

त्या नोंदीपुढे आम्ही नेहमी अडखळतो. ज्या घरातील मुलीची शाळा आदल्या वर्षी सुटली, त्या घराने परक्या बहिणींच्या शिक्षणासाठी चार आणे दिले. आजोबांचा यात काही ढोंगीपणा होता असे आम्हांस वाटत नाही. चार आणे देता येत होते. दरमहाची फी देता येत नव्हती. किंवा देता आली असती आणि द्यावी असे सुचले नाही. कोणते खरे, हे आता विचारावयास कोणी उरलेले नाही.

लहान-लहान ओवाळण्यांवर चालणाऱ्या संस्थेचा एक गुण असा की, मंदीत शंभरांपैकी तीस देणारे गळाले तरी सत्तर उरतात. विद्यापीठाच्या घटनेतही वर्गणीदारांचे मतदारसंघ होते, आणि मोठे व्याज थांबले तेव्हा ही जुनी सवयच उपयोगी पडली. शिवाय शिकविणाऱ्यांत अल्प वेतनावर राहण्याचे व्रत घेतलेले लोक होते. कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्ममठ स्थापिला होता तो याच हेतूने, की माणसे पगारासाठी नव्हे तर कामासाठी राहावी. मठाची कल्पना फार वाढली नाही. पण तिच्या वळणाची माणसे संस्थांत होती. ज्यांच्या घरी मुळातच चैन नव्हती त्यांस काटकसर नव्याने शिकावी लागत नाही.

विद्यार्थिनींचे काय? ज्या घरांत पगार ठरलेला होता त्या घरांतून मुली येत राहिल्या, असा आमचा तर्क आहे, आणि त्यास मघाच्या गणिताचा आधार आहे. दुसरे असे की, ज्या स्त्रीस कोणाचा आधार नाही, जिला शिक्षिका होऊन स्वतःचे पोट भरावयाचे आहे, ती मंदीत शिक्षण सोडीत नाही. उलट तिला त्याची गरज अधिक भासते. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्याच होत्या. मान्यता नसलेली पदवी सरकारी कचेरीत चालत नसली तरी कन्याशाळेत उपयोगी पडे. विशेष म्हणजे संकोच करण्याऐवजी विद्यापीठाने याच काळात पाय पसरले. १९३१ साली मुंबईस त्याचे कॉलेज निघाले, आणि त्याच साली एम.ए.च्या तोडीची 'प्रदेयागमा' ही पदवी प्रथम दिली गेली. ज्या वर्षी आमच्या आत्यांची पाटी फळीवर गेली तेच हे वर्ष. एरंडवणे मंडईपासून पायी तासाभराचे अंतर. पण ते अंतर कोणत्या रस्त्याने तोडावयाचे, हे आपल्या घरांत त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते.

विश्वस्तांशी अखेर तडजोड झाली आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. पुणेकरांस याचे वाईट वाटणे साहजिक होते. येथे रुजलेले, येथल्या टीकेच्या धोंड्यांवर वाढलेले झाड उचलून दुसऱ्याच्या अंगणात नेले, असे आजही काही जुने लोक म्हणतात. आमचे मत थोडे निराळे आहे. देणगी घेताना अट मान्य केली होती. शब्द पाळणे प्राप्त होते. शिवाय गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत शिकविणाऱ्या विद्यापीठास मुंबईच सोयीची. पुण्याचे कॉलेज कोठेही गेले नाही. ते होते तेथेच राहिले, आणि पुढे त्याच्या समोरच्या रस्त्यास कर्व्यांचेच नाव पडले. १९४९ साली कायदा होऊन १९५१ पासून विद्यापीठास शासनाची मान्यता मिळाली. ज्या सनदेवाचून ३५ वर्षे काढली ती मिळाली तेव्हा संस्थापकांचे वय ९३ होते. सर विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाई या नव्या व्यवस्थेत कुलगुरू झाल्या. कागदावरून झालेला तंटा अशा रीतीने घरच्यासारखा मिटला म्हणावयाचे.

आणि कर्वे? मुख्य ठाणे मुंबईस गेले त्याच १९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि पुन्हा वर्गणीची वही घेऊन ते दारोदार जाऊ लागले. १९५८ साली, शंभरीत, त्यांस भारतरत्न मिळाले. १९६२ च्या नोव्हेंबरात ते गेले.

आता थोडे घरचे सांगून लेख पुरा करतो. आमच्या धाकट्या बहिणीने एरंडवण्याच्या त्याच कॉलेजातून पदवी घेतली. मंडईतून सायकलने लकडी पुलावरून जाई. तिच्या शेवटच्या वर्षी संमेलन होते, त्यास आत्यांना आम्ही रिक्षाने घेऊन गेलो. त्या वेळी त्यांची साठी उलटली होती. आवारातील झाडांखाली मुली इकडून तिकडे पळत होत्या. आत्या एका पायरीवर बसल्या. त्यांनी कार्यक्रम फारसा पाहिला नाही. फी किती पडते, असे त्यांनी विचारले. आम्ही आकडा सांगितला. त्यांनी तोंडातल्या तोंडात त्याचे बारा महिन्यांचे केले, मग चार वर्षांचे केले, आणि म्हणाल्या, "एवढे तर त्या वेळी पाटल्यांचेच आले होते."

२०२० साली टाळेबंदीत मंडईचे गाळे बंद पडले, तेव्हा आपल्या समाजातील काही मुलींची कॉलेजे सुटली; त्यांपैकी दोघी आमच्या हाताखाली पाढे शिकल्या होत्या. त्यांच्या भावांची सुटली नाहीत. एकीने पुढे परत नाव घातले आहे. दुसरी तुळशीबागेत दुकानावर असते, आणि तिचा हिशेब अजूनही चोख आहे.